शांतवनने शिकवलेली गाठ

माझ्या उजव्या हाताला अंगठा अर्धाच आहे. उरलेला अर्धा उधन्याच्या एका खात्यात गेला. खातं म्हणजे आमच्या सुरतेच्या बोलीत यंत्रमागाचा कारखाना. मागाच्या पट्ट्यात हात सापडला, दुसरं काय! तेव्हा वय पस्तिशीचं, घरात बायको आणि दोन मुली. माग चालवणाऱ्याला तुटलेली तार बांधता येईना, तर त्याने सुरतेत राहून करायचं काय? तार म्हणजे सूत. केसासारखं बारीक आणि भारी निसरडं. दोन धड अंगठेवाल्यांच्या हातूनही ते निसटतं.

तेव्हा शांतवनने मला उलटी गाठ शिकवली. सगळं जग तार उजवीकडून वळवतं, त्याने ती माझ्यासाठी डावीकडून वळवली. त्यासाठी आधी स्वतःचा अंगठा चिंधीने आवळून बांधला आणि आठ दिवस तसाच काम करत राहिला. अर्ध्या अंगठ्याने काय जमतं, काय जमत नाही, ते स्वतःच्या हातावर करून पाहिलं आणि मग मला शिकवलं. ती गाठ सगळ्या सुरतेत दोघांनाच यायची. त्याला आणि मला.

त्या माणसाला सुरत सोडावी लागली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. शांतवन जालन्याकडचा, बापजाद्यांपासूनचा ख्रिस्ती. किडकिडीत, सावळा. मागांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, म्हणून बोलताना समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा आपलं बोलणं फारच मनावर घेतोय. त्याचं काम सांधणीचं. मागावरचा एक बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, संपला की जुन्या प्रत्येक तारेच्या टोकाला नव्या बीमची तार जोडायची, एकेक करून, बोटांना राख लावून, हजारो तारा. मान दिवसभर खाली, तोंड मात्र चालू. येशूच्या गोष्टी तो अशा सांगायचा, जशा काही त्याच्या मेव्हण्याच्या गावात परवाच घडल्यात.

"नाना, त्या पेत्र नावाच्या चेल्यानं येशूला नाकारलं. वळखतबी न्हाई म्हनला. अन् पुन्हा गाठ पडली तवा येशूनं काय करावं? तळ्याच्या काठाला इस्तव पेटवला, मासे भाजले अन् म्हनला, या, जेवून घ्या."

"शिव्या नाही दिल्या?"

"न्हाई ना! त्याचंच तर मला आजून नवल वाटतंय."

खात्यातली पोरं चिडवायची, "काय शांतवन, आज तुझा येशू काय म्हणतो?" तो राखेची बोटं झटकत म्हणायचा, "आज गप हाय. तुमचं ऐकून घेतोय." पोरं हसायची, तोही हसायचा. प्रार्थना उघड्या डोळ्यांनी करायचा. का, तर म्हणे डोळे मिटले की तार सुटते.

माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. तेव्हा मला ते बरोबरच वाटायचं. मी अमळनेरकडचा, आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचा पेटीमास्तर. दर गुरुवारी चाळीत भजन, पुढे मी, मागे पंचवीस-तीस माणसं. नाना म्हटलं की उधन्यात चार जण वळून बघायचे.

शांतवनला शेठने खात्याच्या मागची एक खोली दिली होती, सांधणीवाला केव्हाही हाताशी असावा म्हणून. त्या खोलीत तो, त्याची बायको रूथबाई आणि भिंतीवर हारीने मांडलेली भांडी. त्या भांड्यांची एक गंमत होती. रूथबाई स्टोव्हवर स्वयंपाक करायच्या, भांड्यांना काजळी धरायची. कधी गेलं तर ती काळीकुट्ट असायची आणि कधी गेलं तर अशी लखलखीत, की तोंड बघून भांग पाडावा. मी एकदा विचारलं, हे काय गौडबंगाल? रूथबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्यांना राग आला की हे भांडी घासत्यात."

शांतवन लाजला. "राग येतो नाना. लई येतो. कुठंतरी ठेवावा लागतो ना."

हे मी नीट ध्यानात ठेवलं होतं. पुढे तेच माझ्या उरावर बसलं.

रविवारी दुपारी त्या खोलीत माणसं बसायची. सुरुवातीला सहा-सात, सगळी खात्यातलीच. शांतवन टाळ घेऊन आपली भजनं म्हणायचा, चाल आमच्यासारखीच, देव तेवढा त्याचा. मग एखादी गोष्ट सांगायचा, मग ज्याच्या घरात जे दुखणं असेल त्याच्यासाठी देवाकडे मागायचा आणि काळा चहा द्यायचा. कुणाला "तू ख्रिस्ती हो" म्हणालेला मी ऐकला नाही, आणि मी कान लावून ऐकायचो बरं का! सापडलं असतं तर पहिला मीच बोंबललो असतो.

आमच्या मंडळात ढोलकीला रामदास होता. हात सोन्याचा, पण पिणारा. गुजरातेत दारूबंदी म्हणतात, पण पिशवीतली दारू गल्लोगल्ली मिळायची. पिऊन हा बायकोला मारायचा. मी त्याला गुरुवारी सगळ्यांसमोर झापायचो, देवाची शपथ घालायचो, दोनदा कानफटातही दिली. ढिम्म! आणि शांतवनने काय केलं? काम सुटलं की तो रामदासबरोबर चालत त्याच्या दारापर्यंत जायचा. बस. रोज. वाटेत दारूचा अड्डा यायचा, तिथे रामदास थांबला की हाही थांबायचा. अड्ड्यावरची माणसं म्हणायची, "भगत आला रे!" हा उभाच. असं पावसाळाभर चाललं. दिवाळीला रामदासची बायको नव्या लुगड्यात सगळ्या चाळीत सांगत फिरली, "शांतवनभाऊने सोडवली."

माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. एक माणूस दारूतून सुटला, त्याच्या बायकोचा मार थांबला, आणि मला वाईट वाटत होतं! कपाळ माझं. पण खरं तेच सांगतो, मला वाईट वाटत होतं, कारण ते माझ्या हातून झालं नव्हतं.

रामदास रविवारी तिकडे ढोलकी वाजवू लागला. त्याच्यामागून दहा जण गेले. गुरुवारी माझ्यापुढे सतरंजी मोकळी दिसू लागली.

एकट्या माझ्याच पोटात दुखत नव्हतं. एक दिवस त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब स्कूटरवरून आले. मी दारातच होतो. ते चिडूनच बोलत होते. "देवळात मागचे बाक रिकामे आणि तुमच्या खोलीत दाटी! परवानगी कुणाची? आणि इतक्या महिन्यांत बाप्तिस्मे किती झाले?"

"एकबी न्हाई साहेब."

"मग हे चालवलंय तरी काय?" म्हणाले आणि गेले. पुढल्या महिन्यात चर्चच्या मंडळीच्या यादीतून शांतवनचं नाव काढलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत दुसरीच पोरं आली, कपाळाला टिळे, आवाज चढलेला. त्यांना मी पाठवलं नव्हतं. पण खोली कुठली, ते बोट करून मीच दाखवलं. त्यांनी टाळ बाहेर फेकले, ढोलकी फोडली. "किती लोक बाटवले, सांग!"

"एकबी न्हाई पोरांनो."

दोन्हीकडे एकच उत्तर, आणि पटलं कुणालाच नाही. एका पोराचा पाय फुटलेल्या बरणीने कापला, तर शांतवनने त्याला उंबऱ्यावर बसवून चिंधी बांधली. ते पोर ओशाळून बसलं होतं, शिवी अर्धीच तोंडात. सगळे गेल्यावर मी डोकावलो. शांतवन जमिनीवर उकिडवा बसून पातेलं घासत होता. आधीच लखलखीत असलेलं पातेलं. बोटांची सालं निघाली होती, राखेत रक्त लागलं होतं, आणि हा घासतोच आहे.

मी म्हटलं, "कशाला हा उपद्व्याप? बंद कर ना."

तो म्हणाला, "नाना, येशूचं नाव सांगत फिरनाऱ्या पौलालाबी गावोगाव हाकलला. लोक ऐकायला आले की दुसऱ्याच्या पोटात दुखायचं." असं म्हणून माझ्याकडे बघून हसला. साधं हसू.

"मग काय करायचा तो?"

"पायाची धूळ झटकायचा अन् पुढल्या गावाला जायचा."

"मग तू का जात नाहीस?"

त्याने आत बघितलं. रूथबाई खोकत होत्या. त्यांना टीबी होता. मोठ्या सरकारी दवाखान्यात कोर्स चालू होता, रोज सुई, वर गोळ्या, अजून पाच महिने राहिले होते. मधे तुटला तर औषध पुन्हा लागू पडणार नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. गावाकडे ना तो दवाखाना ना ती सुई. "पाच महिने नाना," तो म्हणाला. "तेवढी ही खोली ऱ्हाऊ दे, येवढंच मागतो देवाजवळ. मग म्हनाल तवा धूळ झटकतो."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. नकळत झालं म्हणायची सोय मला नाही.

लग्नसराईच्या साड्यांची ऑर्डर होती, लाल-हिरव्या काठाची. माझ्या मागावर नवा बीम चढला होता. आदल्या गुरुवारी माझ्या भजनाला चार माणसं आली होती. घरी येऊन मी चाळीला शिव्या घालत होतो, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमनी पेटी ऐकाले आते कोन येस?" सहज बोलली. मी ताट भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत शांतवन माझ्याकडे आला. "नाना, काठ बांधून झालाय, मधलं हातावेगळं करून मी हिला सुईला नेतो. सुई घेतली की तिला लई उलट्या होत्यात, आज परत यायला जमायचं न्हाई. माग सुरू झाला की पहिलं हातभर कापड तेवढं तुम्ही बघून घ्या." तो एरवी पहिलं हातभर कापड उतरेपर्यंत मागापाशी उभा राहायचा, कुणावर सोडायचा नाही. त्या दिवशी माझ्यावर सोडलं. सायकलवर रूथबाईंना पुढच्या दांडीवर बसवून तो गेला.

मी त्याच्या काठाच्या बोटभर रुंदीतल्या गाठी कापल्या. लालला हिरवी जोडली, हिरवीला लाल. अर्ध्या तासाचं काम. त्यानेच शिकवलेल्या हाताने केलं. मग माग सुरू केला. दुसऱ्या दिवशी शांतवन माझ्यावर विसंबून पलीकडच्या मागाच्या सांधणीला लागला. काठ बिघडलेला डोळ्यांपुढे उतरत होता आणि मी दोन दिवस तो उतरू दिला.

शेठने बोलावलं तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. शेठ मला म्हणाला, "तने देखायुं नहीं?" मी म्हटलं, "मला वाटलं नवं डिझाइन आहे." लाज नाही वाटली. शांतवनने कापडाचा तागा उलगडत उलगडत सुरुवातीपर्यंत नेला. तिथे सगळ्या गाठींची ओळ असते. त्यावर वाकला आणि काठावरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, मग पुन्हा सावकाश फिरवलं. मला तेव्हा कुठे आठवलं, की माझी गाठ उलटी आहे! बाकीच्या कुणाला ती कळायची नाही, पण जरा जाणत्या माणसाने भिंग लावून पाहिलं असतं तर सापडली असती. कापताना, जोडताना हे डोक्यात आलंच नव्हतं. हाताला दुसरी गाठ येतच नव्हती, तर हात काय करणार?

शांतवनने माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावरची कात्री घेतली, तेवढं हातभर कापड कापलं, घडी करून खिशात ठेवलं. "काठ मी बांधला व्हता शेठ. चूक माझी."

शेठ वाईट माणूस नव्हता. पण खोलीबद्दल रोज कुणी ना कुणी येऊन त्याचं डोकं खात होतं, त्याला निमित्त मिळालं. "मारे धरम साथे शुं लेवादेवा? मने माल चोक्खो जोईए. चार दिवसमां रूम खाली कर." म्हणजे धर्माशी त्याला देणंघेणं नाही, माल तेवढा चोख हवा.

मग मी जे पाहिलं ते कुणाला पाहायला न लागो. टाळ फेकले तेव्हा न वाकलेल्या माणसाने शेठचे पाय धरले. "काम नगं शेठ. पाच महिने खोली तेवढी ऱ्हाऊ द्या. बाई मरंल माझी. झाडू मारीन, फुकट सांधणी करीन, खोली ऱ्हाऊ द्या." शेठ पाय सोडवून घेत होता, हा सोडत नव्हता. मी दोन पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. एक! मी मागाकडे निघून गेलो.

चार दिवस तो खोली शोधत हिंडला. उधना झालं, पार पलीकडच्या सचिन गावापर्यंत सायकल मारली. सभा भरवणारा म्हणून नाव झालेलं, दार उघडायचं आणि मिटायचं. पाळकसाहेबांकडे गेला, तर नाव यादीत नाही, ओळखीची चिठ्ठी कशी द्यायची? रामदासने आपली खोली देऊ केली, त्याच्या घरमालकाने रामदासचंच सामान बाहेर काढायची धमकी दिली. मी तीनदा शेठच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. बायकोला सांगून टाकलं शेवटी. ती कितीतरी वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमले लाज कशी नही वाटनी?" एवढंच. आजतागायत तिने तो विषय काढला नाही, आणि मला वाटतं, काढायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून त्याच्या खोलीवर गेलो. दारातूनच भांड्यांकडे बघितलं. सगळी काळी होती. पातेलं, तवा, किटली, सगळ्यांना काजळी. हुश्श झालं मला! म्हणजे याला राग नाही. म्हणजे याला कळलेलं नाही. गाठ त्याच्या ध्यानात आली नाही, तो खरंच आपलीच चूक समजतोय. मी त्याच्याकडचा काळा चहा प्यालो आणि घरी येऊन गाढ झोपलो.

खोली मिळालीच नाही, दोघं गावाकडे गेली. तिथे रूथबाई दोन महिन्यांत वारल्या. रामदासला कार्ड आलं, त्याने ते खात्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. "सुई मिळाली नाही. शेवटी त्रास फार झाला. सर्वांना, विशेष नानांना, सलाम." मी माग बंद करून बाहेर गेलो आणि भिंतीवर डोकं आपटलं. मग शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. शेठ म्हणाला, "हवे कहीने शुं फायदो?" आता सांगून काय फायदा. मी जालन्याला पत्रं टाकली, उत्तर नाही. एकदा स्वतः गेलो, तर ते गाव सोडून कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी पेटी उघडलेली नाही. माफी मागायला माणूस लागतो हो, आणि तोच सापडत नाही. कुणाकडे मागू? त्याच्या येशूकडे मागू? कोणत्या तोंडाने?

आणि त्या काळ्या भांड्यांवरून मी चुकीचं ताडलं होतं, हे मला कधीपासून कळलं होतं सांगू? उधना स्टेशनवर कळलं होतं. म्हणजे कार्ड येण्याच्या दोन महिने आधी. तेव्हाच धावत जाऊन शेठला सांगितलं असतं, तर पुढल्या स्टेशनावरून त्यांना परत आणता आलं असतं.

भुसावळकडे जाणारी गाडी सकाळची. पोचवायला आम्ही दोघंच, रामदास आणि मी. रामदास रडत होता, तो पाण्याची बाटली भरायला नळावर गेला. रूथबाई खिडकीशी डोकं टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. शांतवन दारात उभा. त्याने खिशातून घडी काढून माझ्या हातात दिली. ते हातभर कापड. लाल-हिरवा काठ.

"हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या नाना. खात्यात कुनाच्या नजरंला पडलं आसतं, तर तुमची भाकर गेली आसती. पोरी लहान हायेत."

तो माझ्या ओठांकडे बघत थांबला, त्याच्या नेहमीच्या सवयीने. ऐकायला तयार होता. मी काहीच बोललो नाही.

गाडीने झटका दिला. त्याने माझा उजवा हात हातात घेतला, अर्ध्या अंगठ्यावरून आपलं राखेने खरखरीत झालेलं बोट फिरवलं आणि म्हणाला, "गाठी मातर झकास घातल्या. दोन दिस माग चालला, एकबी सुटली न्हाई."

गाडी हलली. रामदास बाटली घेऊन धावत होता, त्याने ती कशीबशी खिडकीतून आत दिली. रूथबाईंच्या मांडीवर भांड्यांचं गाठोडं होतं. फडकं अपुरं पडलं होतं, त्यातून किटलीचं बूड बाहेर आलं होतं. ते काळंच होतं.